गोणीवर न छापलेला आकडा

डीएपीच्या गोणीची शिवण उसवायची एक रीत आहे. दोऱ्याचं नेमकं टोक हाती लागलं तर एका ओढीत तोंड उघडतं, नाही तर विळा घालावा लागतो. गोणीवर ठळक अक्षरांत १८:४६ छापलेलं असतं. दुकानात पुष्कळजण डीएपी म्हणतही नाहीत, ‘अठरा-सेहेचाळीस द्या’ म्हणतात. अठरा टक्के नत्र, सेहेचाळीस टक्के स्फुरद. पैसे या दोन आकड्यांचे मोजायचे, पिकाचा डोसही यांच्यावरूनच ठरवायचा. त्याच दाण्यांत किलोमागे काही मिलिग्रॅम कॅडमियम असतं. थोडं युरेनियम, थोडं आर्सेनिक, थोडं शिसंही असतं. ते आकडे गोणीवर नसतात. कुणी लपवलेत म्हणून नव्हे. छापा असं आपल्याकडे कुणी सांगितलेलंच नाही.

खतांनी जमिनीत जड धातू साठतात, हे वाक्य आता पारावरही ऐकू येतं. एकजण म्हणतो, माती विषारी झाली. दुसरा म्हणतो, आमच्या आजोबांपासून टाकतोय, काय झालं? दोघंही ‘खत’ हा एकच शब्द वापरतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. युरिया हवेतल्या नायट्रोजनपासून आणि नैसर्गिक वायूपासून बनतो. त्यात धातू जवळपास नसतात. पोटॅशही बऱ्यापैकी स्वच्छ. प्रश्न आहे तो मुख्यतः स्फुरदाचा, काही प्रमाणात जस्तासारख्या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणांचा, आणि ऐकायला विचित्र वाटेल, पण कंपोस्टचाही.

स्फुरद खडकातून येतं. हा खडक दोन प्रकारचा. एक अग्निजन्य, रशियाच्या कोला द्वीपकल्पातला, दक्षिण आफ्रिकेतल्या फालाबोर्वाचा, फिनलंडमधल्या सीलिन्यार्वीचा. त्यात कॅडमियम नगण्य. दुसरा गाळाचा, प्राचीन समुद्रांच्या तळाशी जीवांच्या अवशेषांसह साचलेला. जगातला बहुतेक साठा याच प्रकारचा, आणि त्यातला सुमारे ७० टक्के मोरोक्को आणि पश्चिम सहाराच्या वाळूखाली. गाळाच्या खडकातलं कॅडमियम खाणीगणिक बदलतं. जॉर्डनच्या खडकात कमी, मोरोक्कोत मध्यम ते जास्त, सेनेगल आणि टोगोत भरपूर, तर प्रशांत महासागरातल्या नाउरू बेटाच्या खडकात किलोला शंभर मिलिग्रॅमच्या आसपास. भारतात उदयपूरजवळ झामरकोट्राची खाण आहे, पण देशाची भूक तिच्याने भागत नाही. खडक, फॉस्फोरिक आम्ल, तयार डीएपी असा तिन्ही रूपांत माल जहाजांनी येतो. तेव्हा शिरोळच्या उसाखाली पडणारं कॅडमियम किती, हे मुळात ती खेप कुठल्या खाणीतून निघाली यावर ठरतं.

कारखान्यात खडकावर गंधकाम्ल ओतलं की फॉस्फोरिक आम्ल आणि जिप्सम वेगळं होतं. कॅडमियमचा मोठा वाटा आम्लाबरोबर जातो, म्हणजे डीएपीत. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये वेगळं काढण्याचा प्रश्नच नाही, खडकात होतं ते सगळं दाण्यात. आम्लातून कॅडमियम काढून टाकायच्या पद्धती आहेत, मात्र त्या खर्चिक आहेत आणि कायद्याने भाग पाडल्याशिवाय कुणी तो खर्च करत नाही.

या गोष्टीचा सगळ्यात जुना पुरावा इंग्लंडमधल्या रॉथम्स्टेडच्या बाटल्यांत आहे. जॉन बेनेट लॉज या जमीनदाराने १८४२ मध्ये सुपरफॉस्फेटचं पेटंट घेतलं आणि पुढच्याच वर्षी आपल्या शेतात गव्हाचा प्रयोग लावला. तो अजून चालू आहे. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तिथल्या लोकांनी मातीचे आणि धान्याचे नमुने बाटल्यांत बंद करून ठेवले, कशासाठी लागतील हे ठाऊक नसताना. कॅडमियम मोजणारी यंत्रं आली तेव्हा सव्वाशे वर्षांची माती रांगेत उभी होती. १९८७ मध्ये तिचे आकडे प्रसिद्ध झाले आणि कॅडमियम वाढलेलं दिसलं. पण ज्या तुकड्यांना कधीच खत दिलं नव्हतं तिथेही ते वाढलेलं होतं, कारण तिथलं कॅडमियम दगडी कोळशाच्या धुरातून, हवेतून उतरलं होतं. ‘खतामुळे’ म्हणण्याआधी हा बिनखताचा तुकडा आठवावा. भारतातही १९०९ पासूनचा कोइंबतूरचा कायम खत प्रयोग आहे, अकोला आणि परभणीला दीर्घकालीन खत प्रयोगांची केंद्रं आहेत. आपल्या काळ्या मातीबद्दल खात्रीने बोलायचं तर आधार तिथे शोधायला हवा.

खताचा हात स्पष्ट दिसतो तो न्यूझीलंडमध्ये. तिथे कुरणांवर वर्षानुवर्षं सुपरफॉस्फेट विमानातून टाकलं गेलं, आणि बराच काळ ते नाउरूच्या खडकाचं होतं. धूर कमी, कारखाने कमी, म्हणजे दोष द्यायला दुसरं कुणी नाही. कुरणातून कॅडमियम मेंढीच्या पोटात आणि तिथून मूत्रपिंडात जातं. तिथे अडीच वर्षांवरच्या जनावरांची मूत्रपिंडं माणसांच्या खाण्यासाठी वापरत नाहीत. उद्योगाने स्वतःहून मर्यादा घालून घेतली, १९९७ पासून किलोभर फॉस्फरसमागे २८० मिलिग्रॅम. २०११ मध्ये मातीतल्या कॅडमियमच्या पातळीनुसार पायऱ्या ठरल्या. वरच्या पायरीवरच्या शेताने खत बदलायचं किंवा कमी करायचं.

आता आपला हिशेब मांडून पाहू. युरोपीय संघाने २०२२ च्या जुलैपासून लागू केलेली मर्यादा किलोभर स्फुरदामागे ६० मिलिग्रॅम आहे. (हे स्फुरद म्हणजे गोणीवरच्या ४६ मधलं, फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपातलं. न्यूझीलंडचा आकडा शुद्ध फॉस्फरसवर आहे. या मापात तो १२२ च्या घरात जातो, म्हणजे युरोपच्या दुप्पट सैल.) आपली गोणी नेमकी ६० वर आहे असं धरू. पन्नास किलोच्या गोणीत २३ किलो स्फुरद, म्हणजे जेमतेम १.४ ग्रॅम कॅडमियम. आडसाली उसाला राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १७० किलो स्फुरदाची आहे. एकरी ६८ किलो, तीन गोण्या. झाले सव्वाचार ग्रॅमच्या आत. एकरभर जमिनीची वरची पंधरा सेंटिमीटर माती साधारण ८ लाख किलो भरते. भागाकार केला की एका पिकामागे किलोभर मातीत ०.००५ मिलिग्रॅमची भर पडते.

नगण्य वाटतं. पण नत्र उडून जातं, वाहून जातं. स्फुरदाचा काही भाग पीक नेतं. कॅडमियम मात्र बहुतेक तिथेच बसतं. पन्नास वर्षं दरसाल तेवढाच डोस दिला तर भर होते पाव मिलिग्रॅम. निर्मळ मातीत मुळात ०.१ ते ०.५ मिलिग्रॅम असतं. म्हणजे या हिशेबाने दोन पिढ्यांत दीडपट ते साडेतीनपट. आग लागली म्हणून धावत सुटावं असा हा आकडा नाही, आणि मोजायलाच नको असाही नाही. उसाला शिफारशीच्या वर डोस देणारे, द्राक्षाला छाटणीनंतर आणि पुन्हा ठिबकमधून स्फुरद देणारे आपल्याला ठाऊक आहेत. त्यांनी हा भागाकार स्वतःच्या गोण्यांवर करावा.

हाच हिशेब शहरी कंपोस्टला लावला की बोलती बंद होते. आपल्या खत नियंत्रण आदेशात शहरी कचऱ्याच्या कंपोस्टला कॅडमियमची मर्यादा किलोला ५ मिलिग्रॅम आहे. मर्यादेला टेकलेलं दोन टन कंपोस्ट एकरात पसरलं तर १० ग्रॅम कॅडमियम पडतं, तीन गोण्या डीएपीच्या दुपटीहून जास्त. ‘सेंद्रिय’ हा शब्द धातूंना कळत नाही. कोंबडीखताचंही तेच. खाद्यात मिसळलेलं तांबं आणि जस्त विष्ठेतून शेतात येतं. सांडपाण्यावर पिकवलेल्या भाजीचा विषय तर स्वतंत्र लेखाचा आहे. गंमत अशी की कंपोस्टला निदान मर्यादा आहे, झिंक सल्फेटला शिशाची मर्यादा आहे. डीएपी आणि सुपर फॉस्फेटच्या निकषांत ओलावा आहे, दाण्याचा आकार आहे, कॅडमियम नाही.

झिंक सल्फेटची गोष्ट जरा वेगळी. जस्ताची कमतरता महाराष्ट्रात सर्रास आहे, त्यामुळे मागणी मोठी. जस्त स्वस्तात मिळवायचा मार्ग म्हणजे कारखान्यांची राख आणि गाळ, आणि जस्ताबरोबर कॅडमियम आणि शिसं येणारच, कारण धातुकातच ते शेजारी असतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या क्विन्सी गावच्या महापौर बाईंनी शंका काढली, ‘सिएटल टाइम्स’ने १९९७ मध्ये त्यावर लेखमाला छापली आणि पोलाद कारखान्यांची विषारी धूळ खत म्हणून शेतात जात असल्याचं उघड झालं. २००२ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने अशा जस्त खतांसाठी नियम केले. आपल्याकडे बिनब्रँडचं मायक्रोन्यूट्रियंट मिश्रण पाच रुपये स्वस्त मिळतं तेव्हा ही गोष्ट आठवायला हरकत नाही.

द्राक्षाच्या पट्ट्यात आणि कोकण-गोव्याच्या सुपारीच्या बागांत तांब्याचा प्रश्न आहे. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण पावसाळ्याआधी फवारलं नाही तर कोळेरोगाने सुपारी गळते. युरोपने तांब्यावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे. तांबं माणसापेक्षा गांडुळांना आणि मातीतल्या जिवाणूंना जास्त बाधतं.

पण मातीत किती आहे, एवढ्याने ताटातलं कळत नाही. मधे माती स्वतः उभी आहे. आपली काळी जमीन चिकण, चुनखडीची, सामू साडेसात ते साडेआठ. अशा मातीत कॅडमियम घट्ट धरलं जातं, मुळांना सहज मिळत नाही. जांभ्याच्या आंबट जमिनीत, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्यात, तेच कॅडमियम मोकळं असतं. म्हणजे एकच गोणी विदर्भात जवळपास निरुपद्रवी आणि कोकणात तितकी नाही. सामू आयुष्यभर तोच राहतो असंही नाही. चीनमध्ये १९८० च्या दशकापासून दोन-अडीच दशकांत भरमसाट नत्रखतांनी शेतजमिनींचा सामू सरासरी अर्ध्या अंकाने घसरला, असं २०१० मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आलं. युरियात कॅडमियम नाही, पण आधीच साठलेलं तो मोकळं करू शकतो. चीनच्या २०१४ च्या राष्ट्रीय पाहणीत शेतजमिनीच्या १९.४ टक्के नमुन्यांत कुठला ना कुठला प्रदूषक मर्यादेबाहेर होता, आणि कॅडमियम यादीत सगळ्यांत वर होतं. तिथे मुख्य दोषी खाणी आणि भट्ट्या होत्या. आंबट झालेल्या मातीने साथ दिली.

काळ्या मातीच्या या भरवशाला एक भोक आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात बटाट्यांत कॅडमियम जास्त सापडायला लागलं तेव्हा आधी सामूकडे बोट गेलं. १९९० च्या दशकातल्या अभ्यासात खरा धागा निघाला तो मातीतल्या क्लोराइडचा. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड कॅडमियमला चिकटतं आणि मातीच्या पकडीतून सोडवून मुळापर्यंत नेतं. आता कृष्णाकाठच्या सांगली-कोल्हापूरच्या खारवट झालेल्या उसाच्या जमिनी आठवा. पाणी जास्त, निचरा नाही, पृष्ठभागावर पांढरा थर, आणि स्फुरदाचे सगळ्यांत मोठे डोसही तिथेच. शिवाय घातलेला लाल पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच. आपल्याकडे कुठे आधी मोजायला घ्यावं असं कुणी विचारलं तर मी या पट्ट्याचं नाव घेईन, आणि तिथेही ऊस सोडून त्याच रानात पुढे घेतलेल्या पालक, मेथी, बटाट्याचं. पालेभाज्या आणि कंद कॅडमियम जास्त उचलतात.

पिकांपिकांतही फरक आहे. चपातीच्या गव्हापेक्षा ड्यूरम, म्हणजे आपला बन्सी, दाण्यात कॅडमियम जास्त साठवतो. कॅनडाने हे ओळखून कमी कॅडमियम उचलणारा ‘स्ट्राँगफील्ड’ हा ड्यूरम २००४ मध्ये बाजारात आणला. जपानने कोशिहिकारी भाताचा असा वाण केला की त्याच्या मुळांतलं कॅडमियम आत घेणारं दारच बिघडवलं. भाताची आणखी एक खोड अशी की खाचरात पाणी उभं असेल तर कॅडमियम गंधकाशी बांधलं जाऊन अडकतं; पाणी सोडलं की मोकळं होतं. आर्सेनिकचं बरोबर उलटं. मिथेन कमी करण्यासाठी भाताला आलटून पालटून पाणी देण्याचा प्रचार आता जोरात आहे. हेतू चांगला, पण तो आंबट मातीत नेताना कॅडमियमकडे एक डोळा ठेवावा लागेल. आणि जस्त कमी असलेल्या जमिनीत पेरणीबरोबर स्वच्छ झिंक सल्फेट दिलं तर गव्हात कॅडमियम कमी उतरतं, असं ऑस्ट्रेलियात दिसलं आहे. मुळाशी ही दोन भावंडं एकाच दारात भांडतात.

माणसाच्या शरीरात काय होतं हे जपानच्या तोयामा प्रांताने दाखवलं. जिंझू नदीकाठी कामिओका खाणीचं पाणी भाताला जात होतं. हाडं ठिसूळ होऊन मोडायची, बायका विव्हळायच्या. आजाराला नाव पडलं ‘इताइ-इताइ’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. आपल्याकडे ‘आई गं’ म्हणतात तशा कण्हण्यालाच रोगाचं नाव मिळालं. जपान सरकारने १९६८ मध्ये कारण मान्य केलं. नदीकाठची माती बदलण्याचं काम २०१२ पर्यंत चाललं. हे खाणीचं प्रकरण होतं, खताचं नव्हे, आणि डीएपीच्या गोणीशेजारी तो फोटो छापणं मला अप्रामाणिक वाटतं. त्यातून घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. रोगी बहुतांश प्रौढ आणि वृद्ध स्त्रिया होत्या, अनेक बाळंतपणं झालेल्या. शरीरात लोह कमी असलं की आतडं कॅडमियम जास्त ओढून घेतं, आणि मूत्रपिंडात गेलेलं अर्धं व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात. भारताच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. धडधाकट माणसासाठी ठरवलेली सुरक्षित पातळी आपल्या बाईला तशीच लागू करता येत नाही. (तंबाखूचं पानही कॅडमियम जमवण्यात पटाईत आहे. बिडी ओढणाऱ्याने डीएपीवर चिडण्याआधी बिडीकडे पाहावं.)

श्रीलंकेच्या उत्तर-मध्य भागात भात शेतकऱ्यांना मूत्रपिंडाचा आजार होतो. कधी आर्सेनिक, कधी कॅडमियम, कधी तणनाशक, कधी कठीण पाणी, अशी संशयितांची यादी लांबत गेली. एकच एक कारण सिद्ध झालं नाही. तरी २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद झाली, तेव्हा दिलेल्या कारणांत हा आजारही होता. भात घटला, चहा घटला आणि काही महिन्यांतच निर्णय मागे घ्यावा लागला. पुरावा हाती येण्याआधी हातोडा उचलला की काय होतं, ते शेजारीच पाहायला मिळालं.

युरोपचा अनुभव याच्या उलट दिशेचा आहे. २०१६ च्या प्रस्तावात मर्यादा ६० वरून पुढे ४० आणि शेवटी २० वर न्यायची होती. मोरोक्कोच्या खडकावर चालणारे कारखाने विरोधात उभे राहिले. मर्यादा जितकी खाली तितका रशियाच्या स्वच्छ खडकाचा धंदा, असाही आरोप झाला. फिनलंडला स्वतःची स्वच्छ खाण असल्यामुळे कडक राहणं सोपं होतं. शेवटी गाडी ६० वर थांबली, आणि २० च्या खालच्या खताला तसं लेबल लावायची मुभा मिळाली. दरम्यान, २०१४ च्या एका अभ्यासाने दाखवलं की युरोपच्या मातीतलं कॅडमियम पुढच्या शंभर वर्षांत सरासरी १५ टक्क्यांनी उतरेल, कारण स्फुरदाचा वापर घटला आहे आणि धूरही निवळला आहे. म्हणजे हा चढ एकदा लागला की थांबतच नाही, असं नाही.

शेतकऱ्याला गोणी फोडून कॅडमियम मोजता येत नाही. जहाज बंदरात उभं असताना मोजता येतं. २०१० पासून आपलं अनुदान अन्नद्रव्याच्या किलोवर दिलं जातं. त्या किलोबरोबर काय आलं हे विचारायची जागा तीच आहे. माझ्या मते पहिली पायरी मर्यादेची नाही, छपाईची असावी. १८:४६ च्या खाली तिसरा आकडा छापला की खेपेखेपेतला फरक दिसेल आणि बाजार हलायला लागेल. मर्यादा त्यानंतर घालावी, आणि कोकणातली आंबट माती आणि मराठवाड्यातली चुनखडीची माती यांना एकच फूटपट्टी लावू नये.

शेताच्या बाजूने पाहायचं तर मृदा आरोग्य पत्रिका आहे. २०१५ मध्ये ती सुरू झाली तेव्हापासून तिच्यावर बारा रकाने आहेत: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. जड धातूंचा रकाना नाही. नमुना घेताना शेतात इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा खड्डा घेतात, बाजूची माती वरून खालपर्यंत खरवडतात. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी लोखंडी खुरपं चालत नाही, लाकडी किंवा प्लास्टिकचं लागतं, नाही तर खुरप्याचंच लोह मोजलं जाईल. ताडपत्रीवर ढीग करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, पुन्हा चार भाग, असं करत अर्धा किलो उरवायचा. ती पिशवी प्रयोगशाळेत जाते. दहा ग्रॅम माती डीटीपीएच्या द्रावणात दोन तास हलवतात, गाळतात. मग ॲटॉमिक ॲबसॉर्प्शनच्या यंत्रात जस्ताचा दिवा लावायचा, आकडा घ्यायचा. लोहाचा दिवा, तांब्याचा दिवा, मंगलाचा दिवा.

त्याच अर्कात कॅडमियम आणि शिसंही उतरलेलं असतं. त्यांचे दिवेही मिळतात, त्याच यंत्रात बसतात. चौथा आकडा वहीत उतरला की तंत्रज्ञ बाटली उचलतो आणि उरलेला अर्क मोरीत ओततो.